बारा हजारांचं त्र्यंबक आपल्याला आठवत का नाही?

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, कोणी भांडी घासताना, कोणी नुसतेच पडल्या पडल्या. आज सुरुवातीलाच एक छोटी परीक्षा. मी तारीख सांगतो, तुम्ही घटना सांगायची.

सव्वीस अकरा.

आली ना लगेच डोळ्यांसमोर? आता दुसरी. अकरा जुलै २००६.

इथे बरेच जण थोडे अडखळले असतील. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलमध्ये झालेले बॉम्बस्फोट. संध्याकाळची घरी जायची वेळ, अकरा मिनिटांत सात स्फोट, आणि १८० हून जास्त माणसं गेली. २६/११ ला गेली १६६. म्हणजे नुसता आकडा बघितला तर लोकलचे स्फोट मोठे. पण आठवणीत मोठं काय आहे, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत.

बरं, २६/११ च्या पोटातसुद्धा बघा. एका ठिकाणी सगळ्यात जास्त बळी गेले ते सीएसटी स्टेशनवर. गावाकडे निघालेली, गाठोडी-बॅगा घेऊन बसलेली साधी माणसं. पण डोळे मिटल्यावर काय दिसतं? ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर. कारण साठ तास टीव्हीवर तेच दिसत होतं. लोकलमधला स्फोट कोणाच्याच कॅमेऱ्यासमोर झाला नाही.

मी हे कोणाला लाज वाटावी म्हणून सांगत नाहीये. मन काही वजनकाट्यावर चालत नाही. पण मग ते चालतं कशावर? काही दुःखं पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतात आणि काही उंबऱ्यावरूनच परत जातात, असं का होतं? आजचा विषय हाच. आणि तो समजून घ्यायला मी तुम्हाला नेणार आहे त्र्यंबकेश्वरला.

त्र्यंबकला काय झालं होतं?

त्र्यंबक म्हटलं की आपल्याला ज्योतिर्लिंग आठवतं, ब्रह्मगिरी, कुशावर्त, तिसऱ्या श्रावणी सोमवारची फेरी. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो तेव्हा आणखी एक गोष्ट बातम्यांत दिसते: नागा साधू, शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर. दोन गावं, दोन कुंडं, मध्ये साधारण तीस किलोमीटरचा रस्ता. इतर कुठल्याच कुंभात अशी वाटणी नाही. प्रयागला, हरिद्वारला, उज्जैनला सगळे एकाच गावात उतरतात.

ही वाटणी का झाली, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय?

१७८९ साल. पुण्यात गादीवर सवाई माधवराव पेशवे, आणि खरा कारभार नाना फडणविसांच्या हातात. सिंहस्थ भरला होता, आणि तेव्हा शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी दोघंही त्र्यंबकलाच जमायचे. पाण्यात आधी कोणी उतरायचं, पहिला मान कोणाचा, यावरून वाद पेटला आणि त्याची लढाई झाली. लढाई म्हणजे अगदी खरीखुरी. तेव्हाचे आखाडे म्हणजे काही भजनी मंडळं नव्हती. त्यांच्याकडे हत्यारं असायची, राजेरजवाडे त्यांना पैसे देऊन फौजेत घ्यायचे. पानिपतावर शुजाउद्दौलाच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध, गोसाव्यांची पथकं उभी होती. तर अशा शस्त्रधारी साधूंच्या या झगड्यात बारा हजार जण मारले गेले, असं एका ताम्रपटात नोंदवलेलं आहे.

बारा हजार! आता, ताम्रपटातला आकडा म्हणजे काही जनगणना नव्हे. जुन्या नोंदींत आकडे फुगतात, हे आपण धरून चालू. निम्मे धरा. चौथा हिस्सा धरा. तरी तीन हजार होतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या त्या लहानशा गावात तीन हजार मृतदेह.

त्यानंतर पेशवाईने तोडगा काढला: वैष्णवांनी नाशिकला स्नान करायचं, शैवांनी त्र्यंबकला. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली, ती व्यवस्था अजून चालू आहे. आणि जिच्यामुळे व्यवस्था आली ती घटना? तिच्यावर नाटक नाही, पोवाडा आपल्या कानावर नाही, शाळेच्या पुस्तकात ओळ नाही. कुशावर्तावर डुबकी मारणाऱ्या शंभर जणांना विचारा, किती जण सांगतील?

आणि पानिपत?

आता याच्या शेजारी पानिपत ठेवा. १४ जानेवारी १७६१. त्र्यंबकच्या आधी अवघी अठ्ठावीस वर्षं. तेच पेशवे घराणं, तीच मराठी माणसं. पण पानिपत आपल्या भाषेत जाऊन बसलंय. परीक्षेत नापास झालात, तर ‘पानिपत झालं’. कोणावर भरवसा राहिला नाही, तर ‘विश्वास पानिपतात गेला’. ज्याने इतिहासाचं एक पान उघडलेलं नाही तोसुद्धा हे बोलतो. विश्वास पाटलांची कादंबरी आली १९८८ मध्ये, सिनेमा आला २०१९ मध्ये. अडीचशे वर्षांनंतरही तिकीट काढून लोक ते दुःख बघायला जातात.

गंमत म्हणजे आजचं त्र्यंबकेश्वराचं मंदिर या दोन्ही घटनांच्या मधोमध उभं आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते १७५५ च्या सुमारास बांधायला घेतलं. बांधकाम चालू असताना पानिपत झालं. मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवराव गेले, आणि सहा महिन्यांच्या आत नानासाहेबही पुण्यात पर्वतीवर वारले. मंदिर पूर्ण झालं १७८६ मध्ये. आणि त्यानंतरच्या पहिल्याच सिंहस्थात साधूंची ही कत्तल. एका दुःखात बांधलं गेलेलं देऊळ दुसऱ्या दुःखाचं साक्षीदार झालं. पहिलं आपण पाठ केलं, दुसरं पुसून टाकलं.

का? मला तीन कारणं दिसतात. एकेक बघू.

पहिलं: रडणारं कोणी मागे उरलं का?

पानिपतावर मेलेल्यांना आडनावं होती. त्यांची घरं होती, वाडे होते, गावं होती. असं म्हणतात की मुलखात एक घर सुतकातून सुटलं नव्हतं. सदाशिवरावांच्या पत्नी पार्वतीबाई शेवटपर्यंत नवरा गेला हे मानायला तयार नव्हत्या. म्हणून तर ‘मीच भाऊसाहेब’ म्हणत एक तोतया उभा राहू शकला, आणि त्याला फौजही मिळाली! लोकांना तो खरा असावा असं वाटत होतं. दुःख इतकं ताजं होतं की त्याच्या आधारावर बंड उभं राहिलं. पुढे न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिलं, ‘तोतयाचे बंड’. म्हणजे बघा, एका दुःखाला किती वारस मिळाले.

आता त्र्यंबकला मेलेले साधू. संन्यास घेताना माणूस स्वतःचं पिंडदान स्वतःच करतो. नाव सोडतो, गोत्र सोडतो, आईबाप सोडतो. जगाच्या हिशेबात तो त्याच दिवशी मेलेला असतो. ज्याने आपलं श्राद्ध आपणच उरकलंय, त्याच्यासाठी मागे सुतक पाळणार कोण? आखाड्यांच्या आत गुरुपरंपरेने काही आठवणी चालत असतील, पण आखाडे फिरते. ते आले, लढले, मेले, उरलेले निघून गेले. गावात रडायला घर उरलं नाही.

आणि इथे एक गोष्ट मला फार बोचते. त्र्यंबकला भारतभरातून लोक कशासाठी येतात? नारायण-नागबळीसाठी, त्रिपिंडी श्राद्धासाठी. म्हणजे ज्यांना अकाली, अपघाती मृत्यू आला, ज्यांचं श्राद्ध राहून गेलं, त्यांच्यासाठी. कणकेचा पुतळा करून त्याच्यावर अंत्यसंस्कार करतात, का तर गेलेल्याचं काही राहून जाऊ नये. तिथल्या उपाध्यांच्या जुन्या वह्यांत कुळंच्या कुळं लिहिलेली असतात, पणजोबा कधी आले होते ते सापडतं. विसरलेल्या मेलेल्यांची आठवण काढणं हाच ज्या गावाचा रोजचा व्यवहार, त्या गावातले हे हजारो मेलेले कोणाच्याच वहीत नाहीत.

दुसरं: ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न उरला का?

पानिपतावर आजही वाद घालता येतो. भाऊंनी बायकामाणसं आणि यात्रेकरू बरोबर नेले नसते तर? सूरजमल जाटाचं ऐकलं असतं तर? विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? कट्ट्यावर दोन तास जातात यात. ज्या दुःखात ‘जर-तर’ असतं ते संपत नाही, कारण ते प्रत्येक पिढी पुन्हा लढून बघते.

दुसरं उदाहरण घ्या. १८९७ ची पुण्यातली प्लेगची साथ आपल्याला माहीत आहे. का? कारण तिच्यात रँड आहे, त्याच्यावर गोळी झाडणारे चापेकर आहेत, रुग्णांची सेवा करताना त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाई आहेत. त्यावर ‘२२ जून १८९७’ नावाचा सिनेमा आहे. आणि वीस-एकवीस वर्षांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची साथ आली. जूनमध्ये मुंबईत शिरली आणि तिथून देशभर पसरली. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. एक कोटी! करोना येईपर्यंत आपल्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलं होतं? तिच्यात खलनायक नव्हता, बदला नव्हता, खटला नव्हता. नुसता ताप होता आणि मरण होतं. अशी गोष्ट आजी नातवाला सांगणार कशी?

तिसरं: आपण तिला कुठला शब्द वापरला?

हे कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्या मराठीत लपलेलं आहे.

मारामारी. हाणामारी. ढकलाढकली. शिवीगाळ सोडा, पण हे शब्द नीट ऐका. यांची घडणच अशी की दोन्हीकडचे एकमेकांना करतायत. मारामारी झाली म्हटलं की कोणी कोणाला मारलं हा प्रश्नच मिटतो. आता याच साच्यातला आणखी एक शब्द: चेंगराचेंगरी.

बघा बरं. चेंगराचेंगरीत माणसं मेली, असं म्हटल्याबरोबर आपल्या मनात काय येतं? लोकांनीच एकमेकांना चेंगरलं. बेशिस्त गर्दी. जायचंच कशाला एवढ्या गर्दीत? म्हणजे मेलेला माणूसच आरोपी झाला. जिथे आरोपी आणि बळी एकच, तिथे गोष्ट संपली. कोणी कोणाला जाब विचारायचा?

प्रत्यक्षात गर्दीत माणूस बहुतेक वेळा पायाखाली तुडवून मरत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते. हात वर घेता येत नाहीत, छाती फुगवायला जागा राहत नाही. माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्याला पुढे काय चाललंय ते कळत नसतं, पुढच्याला मागे सरकता येत नसतं. यात एकमेकांना चेंगरायचा निर्णय कोणीच घेतलेला नसतो. निर्णय आधी झालेले असतात: रस्ता किती रुंद, उतार किती, अडथळे कुठे, लोक सोडायचे कधी आणि थांबवायचे कधी.

शब्द बदलला की आठवण कशी बदलते, त्याचं उदाहरण नागपूरला आहे. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर गेला होता, लाठीमार झाला, पळापळ झाली आणि ११४ जण गेले. त्यात बायका आणि लेकरं फार. कागदावर तीही चेंगराचेंगरीच. पण समाजाने तो शब्द घेतला नाही. ते म्हणाले हत्याकांड, ते म्हणाले शहीद. स्मारक उभं केलं, दर २३ नोव्हेंबरला तिथे जमतात. उड्डाणपुलालासुद्धा गोवारी शहिदांचं नाव मिळालं.

आणि २५ जानेवारी २००५, वाईजवळची मांढरदेवी? जत्रेत जवळपास तीनशे माणसं गेली. गोवारींच्या अडीच पटींहून जास्त. पण ती वेगवेगळ्या गावांतून आलेली, एकमेकांना न ओळखणारी. त्यांच्या वतीने बोलायला एक समाज नव्हता. आपण म्हणालो चेंगराचेंगरी, हळहळलो आणि पुढे गेलो.

गोष्ट विसरली, नियम राहिला

आता परत त्र्यंबकला या. मघाशी मी म्हणालो, ती घटना आपण पुसून टाकली. ते अर्धंच खरं आहे. १७८९ ची गोष्ट आपण विसरलो, पण तिचा नियम आजही पाळतो. दर सिंहस्थात शैव इकडे आणि वैष्णव तिकडे जातात, तेव्हा ते त्या मेलेल्यांचीच आठवण पाळत असतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

म्हणजे दुःखाची आठवण दोन तऱ्हांनी टिकते. एक गोष्ट म्हणून, एक व्यवस्था म्हणून. पानिपतची गोष्ट टिकली. त्र्यंबकची व्यवस्था टिकली. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ जण गेले, मग लष्कराने तिथे नवा पूल बांधून दिला. आज त्या पुलावरून हजारो लोक मोबाइल बघत जातात. त्या पुलाच्या रूपाने ती २३ माणसं दुसऱ्यांचे जीव वाचवतायत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. मला तर वाटतं, गाणी लिहिली गेली त्यापेक्षा हे स्मारक मोठं आहे.

पण याला एक धोका आहे, आणि आजचा सगळा भाग मी त्यासाठीच करतोय. ज्या नियमामागची गोष्ट आपण विसरतो, तो नियम पुढे अडचण वाटायला लागतो. ‘हा रस्ता एकेरी कशाला? हे बॅरिकेड उगाच. चल, इकडून घुसू.’ नियम आणि गोष्ट यांची ताटातूट झाली की पहिला बळी नियमाचा जातो, आणि दुसरा माणसाचा.

२७ ऑगस्ट २००३. नाशिकचा सिंहस्थ, पर्वणीचा दिवस. रामकुंडाकडे जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गर्दी अडवून धरलेली. मिरवणुकीत नाणी उधळली गेली, ती उचलायला लोक पुढे झाले, वाकले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. काही मिनिटांत ३९ माणसं गेली. तुमच्यातले कितीतरी जण तेव्हा जन्मलेलेही नसतील. २०१५ चा सिंहस्थ अशा दुर्घटनेशिवाय पार पडला. आणि प्रयागला २९ जानेवारी २०२५ ला, मौनी अमावास्येच्या पहाटे, पुन्हा तेच झालं. सरकारी आकडा तेव्हा ३० सांगितला गेला. आता पुढचा नंबर आपला आहे. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ दारात आहे, २०२७ च्या पावसाळ्यात मोठी स्नानं आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जण जाणार. कोणी श्रद्धेने, कोणी आईबाबांना घेऊन, कोणी रील काढायला. जरूर जा.

पण जाताना ही गोष्ट बरोबर घेऊन जा. गर्दीत काही पडलं, मोबाइल असो की चप्पल, तर खाली वाकू नका. २००३ ची ३९ माणसं आपल्याला एवढं तरी शिकवून गेलीत. हात छातीसमोर धरा, श्वासाला जागा ठेवा. गर्दीच्या उलट जोर लावू नका. ती जाते तसं जात जात हळूहळू कडेला सरका. आईला पुढे ठेवा, भिंतीला चिकटून नको. आणि पोलिसाने थांबवलं तर त्याच्याशी हुज्जत घालण्याआधी एकदा आठवा की त्या दोरीमागे काय काय घडून गेलंय.

कुठलं दुःख मनाला भिडावं हे आपल्या हातात नसतं. ताजचा घुमट डोळ्यांसमोर येतो, तो येणारच. पण कुठलं दुःख सांगायचं, हे आपल्या हातात आहे. ज्यांना आडनाव नव्हतं, ज्यांच्यासाठी कोणी सुतक धरलं नाही, ज्यांना आपण चेंगराचेंगरी म्हणून एका शब्दात गुंडाळलं, त्यांची गोष्ट कोणीतरी मोठ्याने सांगावी लागते. कुशावर्तावर पाण्यात उतराल तेव्हा सगळे आपल्या पितरांचं नाव घेतात. तुम्हीही घ्या. आणि एक ओंजळ त्या बिननावाच्या साधूंसाठीही सोडा. मंत्र येत नसला तरी चालेल.

एक काम देतो या आठवड्यासाठी. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा: आपल्या गावात असं काय झालं होतं, जे आता कोणीच बोलत नाही? पूर, साथ, आग, बुडालेली होडी, काहीही. रेकॉर्ड करा, आणि त्यातलं जे सांगण्यासारखं असेल ते खाली लिहा. नावं मिळाली तर नावांसकट जपून ठेवा, निदान घरात तरी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, नमस्कार!